गाडीची वही

मुलांनो, घरी मोटार असेल तर एक प्रश्न हमखास कानावर पडतो, "गाडी ॲव्हरेज किती देते?" बाबा म्हणतात, "अठरा." काका म्हणतात, "छे, पंधराच्या वर नाही!" दोघंही अंदाजानं बोलतात. खरं उत्तर तुम्ही काढू शकता. लागते फक्त एक वही, पेन्सिल आणि तुमचा भागाकार.

पंपावर टाकी पूर्ण भरली की मीटरवरचे किलोमीटर वहीत लिहा. मग गाडी नेहमीसारखी फिरू द्या. आमच्या अनसिंगहून जशी कधी वाशिमला, कधी पुसदला जाते, तशी. पुढच्या वेळी टाकी पुन्हा पूर्ण भरा. आता जेवढे लिटर बसले, तेवढंच पेट्रोल मधल्या प्रवासात जळलं. समजा, ३६० किलोमीटरला २० लिटर लागले. ३६० भागिले २०, म्हणजे लिटरला १८ किलोमीटर.

दुसऱ्या खेपेला १५० किलोमीटरला १० लिटर लागले, म्हणजे १५. मग दोन्हींची सरासरी साडेसोळा? नाही बरं का! एकूण ५१० किलोमीटर, एकूण ३० लिटर. उत्तर येतं १७. म्हणून एका खेपेवरून निकाल देऊ नका. चार-पाच वेळा नोंद करा.

आकडा घसरत चालला तर? आधी चाकांतली हवा तपासायला सांगा. सायकलची हवा कमी झाली की पायडल जड जातं ना? तसंच हे. डिकीतलं विनाकारण ओझं आणि टपावरचं रिकामं कॅरिअर काढा. कुणाची वाट पाहत थांबायचं असेल तर इंजिन बंद ठेवा. भरधाव जाणंही महागात पडतं, कारण वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. इंधन बचतीसाठी १९७८ साली स्थापन झालेल्या 'पीसीआरए' या संस्थेनं ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेगाचा सल्ला दिला आहे. पण बचतीपायी उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडणं मुळीच नको! ब्रेक आणि स्टिअरिंग जड होतात, जिवावर बेततं.

एवढ्यानं काय होणार, असं वाटतं? महिन्याला ३६० किलोमीटर जाणाऱ्या गाडीचं ॲव्हरेज पंधरावरून अठरावर आलं, तर महिन्याला ४ आणि वर्षाला ४८ लिटर पेट्रोल वाचतं. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे वर्षाला किती किलो वाचला? हा गुणाकार तुमच्यावर सोपवला. शिवाय आपल्या देशाला लागणारं बहुतेक कच्चं तेल परदेशातून विकत आणावं लागतं.

मग, वहीच्या पहिल्या पानावर आजचे किलोमीटर लिहिणार ना?