नागपूर लोकसभा मतदारसंघ आणि विदर्भाचा प्रश्न

एक भाषा, एक राज्य ह्या तत्त्वाची चर्चा करताना नागपूरचा दाखला सहसा कोणी देत नाही. तो दिला गेला पाहिजे. कारण राज्यपुनर्रचना आयोगाने १९५५ च्या अहवालात विदर्भाचे जे स्वतंत्र राज्य सुचविले होते, तेही मराठीच असणार होते. एकाच भाषेची दोन राज्ये असावीत काय, हा प्रश्न ज्या मतदारांपुढे प्रत्यक्ष मतपेटीतून आला, त्यांत नागपूरचे मतदार प्रमुख होत.

ह्या शहराची भाषिक घडण साधी नाही. सीताबर्डीच्या दक्षिणेस असलेली धंतोली ही वकील-डॉक्टरांची जुनी वसाहत. तिच्या नावातील ‘टोली’ हे पद पुण्याकडच्या मराठीला अनोळखी वाटेल. परंतु भंडारा-गोंदियाकडे आणि त्यापलीकडील हिंदी मुलखात टोला-टोलींची गावे पुष्कळ आढळतात. १९५६ पर्यंत नागपूर ज्या राज्याची राजधानी होते, त्या मध्यप्रदेशाचा कारभार हिंदी व मराठी अशा दोन्ही भाषांशी निगडित होता. ग्रियर्सनने आपल्या भाषासर्वेक्षणाच्या सातव्या खंडात वऱ्हाडी आणि नागपुरी ह्या बोलींचा विचार एकत्रच केला आहे. बोलींमध्ये अंतर फारसे नव्हते. राजकीय इतिहास मात्र वेगळा होता. वऱ्हाडचे चार जिल्हे निजामाच्या मुलखातून आले, तर नागपूरचा भाग भोसल्यांच्या राज्यातून. म्हणूनच मागणीला नाव देताना अडचण पडली. ‘वऱ्हाड’ म्हटले की नागपूर वगळले जाई. पुराणातल्या रुक्मिणीच्या माहेरचे ‘विदर्भ’ हे नाव घेतले, तरी त्याला कधी ‘महा’ तर कधी ‘नाग’ हे पद जोडावे लागले. ‘नागविदर्भ’ ह्या समासातच दोन प्रदेशांचा समेट दडलेला आहे.

१९५२ च्या पहिल्या निवडणुकीत काँग्रेसच्या अनसूयाबाई काळे निवडून आल्या. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या १९३७ मधील विधानसभेच्या त्या उपसभापती होत्या, आणि त्याच विधानसभेने १९३८ मध्ये महाविदर्भाच्या स्वतंत्र प्रांताचा ठराव संमत केला होता. १९५७ मध्ये त्या पुन्हा विजयी झाल्या. त्या वर्षी पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसची दाणादाण उडविली. विदर्भात मात्र काँग्रेस टिकली. नोव्हेंबर १९५६ मध्ये नागपूरची राजधानी गेली, तो प्रदेश द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, तरीही असे घडले हे ध्यानात घेण्याजोगे आहे. मतदारांचा रोष प्रकट झाला तो दोन वर्षांनी. अनसूयाबाईंच्या निधनानंतर १९५९ मध्ये झालेल्या पोटनिवडणुकीत लोकनायक बापूजी अणे अपक्ष म्हणून निवडून आले, आणि महाराष्ट्र राज्य स्थापन होऊन गेल्यावर, १९६२ मध्येही त्यांनी ही जागा राखली. वणीचे अणे टिळकांचे अनुयायी, संस्कृतचे व्यासंगी, बिहारचे माजी राज्यपाल. वयाची ऐंशी वर्षे ओलांडलेला हा पुरुष उमेदवार होता. त्यांना पडलेल्या मतांपैकी किती विदर्भाला आणि किती अण्यांना, हे वेगळे काढणे अशक्यच आहे.

१९६७ मध्ये काँग्रेसच्या ना. रा. देवघरे ह्यांनी जागा परत मिळविली. १९७१ मध्ये इंदिरा गांधींच्या लाटेत महाराष्ट्रातील ४५ पैकी ४२ जागा काँग्रेसकडे गेल्या असता, नागपूरने फॉरवर्ड ब्लॉकचे जांबुवंतराव धोटे ह्यांना लोकसभेत धाडले. अण्यांचा मार्ग सनदशीर चर्चेचा. धोट्यांचा रस्त्यावरील आंदोलनाचा. मागणी एक, भाषाशैली दोन. पुढे १९७७ मध्ये उत्तर भारतात काँग्रेस कोसळत असताना नागपुरात तिचेच गेव्ह मंचेरशा आवारी विजयी झाले. १९२७ च्या नागपूरच्या शस्त्रसत्याग्रहाचे नेते जनरल मंचेरशा आवारी ह्यांचे ते चिरंजीव. १९८० मध्ये धोटे पुन्हा आले, पण इंदिरा काँग्रेसच्या तिकिटावर! आंदोलनाचा नेता पक्षात सामावला गेला आणि नागपूरच्या निवडणुकीतील विदर्भाचा स्वतंत्र आवाज क्षीण झाला.

त्यानंतरचा इतिहास दोन राष्ट्रीय पक्षांचा. राजस्थानात जन्मलेले बनवारीलाल पुरोहित १९८४ व १९८९ मध्ये काँग्रेसतर्फे निवडून आले, १९९१ मध्ये भाजपतर्फे लढून काँग्रेसच्या दत्ता मेघ्यांकडून पराभूत झाले, आणि १९९६ मध्ये भाजपचेच खासदार झाले. पारशी आवारी, राजस्थानी मूळ असलेले पुरोहित ह्यांना मराठीबहुल मतदारसंघाने निवडावे, ह्यावरून येथील मतदानाचा निकष मातृभाषा हा नव्हता, एवढे तरी निश्चित म्हणता येते. १९९७ मध्ये भाजपने भुवनेश्वर येथे वेगळ्या विदर्भाला पाठिंबा देणारा ठराव केला. पुढच्याच वर्षी काँग्रेसचे विलास मुत्तेमवार येथून जिंकले, आणि १९९९, २००४ व २००९ मध्येही तेच. ठरावाने मते हलली असे ह्यावरून दिसत नाही. खरे पाहता, जी मागणी मोठ्या पक्षांच्या ठरावांत आणि भाषणांत शिरते, तिला निराळा उमेदवार उरत नाही.

२०१४ मध्ये भाजपचे नितीन गडकरी यांनी मुत्तेमवारांना सुमारे २ लाख ८५ हजार मतांनी हरविले. २०१९ मध्ये नाना पटोले ह्यांच्याविरुद्ध हे मताधिक्य सुमारे २ लाख १६ हजारांवर, तर २०२४ मध्ये विकास ठाकरे ह्यांच्याविरुद्ध १ लाख ३७ हजारांवर आले. मधल्या काळात, २०१६ साली, राज्याचे महाधिवक्ता श्रीहरी अणे ह्यांना विदर्भाविषयीच्या आणि मराठवाड्याविषयीच्या वक्तव्यांमुळे पद सोडावे लागले. ते बापूजींचे नातू.