एका घराला दोन छपरं

सुट्टीत कोकणात गेलात, तर गावातली नवी घरं नीट बघा. वर सिमेंटचा सपाट स्लॅब, आणि त्याच्याही वर लोखंडी खांबांवर पत्र्याचं छप्पर. एका घराला दोन छपरं! पहिलं छप्पर नीट काम करत असेल, तर दुसरं कशाला लागतं?

उत्तर पावसात आहे. लंडनमध्ये वर्षभरात साधारण ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. रत्नागिरीत तो ३००० मिलिमीटरच्या वर जातो, आणि तोही बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. सपाट स्लॅबवरून एवढं पाणी पटकन वाहून जात नाही. ते बारीक भेगांमधून आत मुरतं आणि घर गळायला लागतं. उन्हाळ्यात तोच स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती उष्णता खोलीत सोडतो. मग लोक वर पत्रा घालतात.

आता शेजारचं जुनं घर बघा. भिंती जांभ्या दगडाच्या आहेत. हा तांबडा दगड खाणीतून काढताना मऊ असतो, म्हणून त्याचे मोठ्या विटेसारखे तुकडे कापता येतात. त्यांना चिरे म्हणतात. हवा लागली की चिरा हळूहळू कडक होतो. छप्पर उतरतं असतं, त्यामुळे पाणी वर थांबतच नाही. कौलांच्या टोकांवरून पागोळ्या होऊन ते अंगणात पडतं. छप्पर भिंतीच्या बरंच पुढे आलेलं असतं आणि त्याच्या खाली असते पडवी. पडवी फक्त गप्पा मारायला नसते बरं का! ऊन आणि पावसाची झड ती स्वतःवर घेते, आतल्या भिंतीपर्यंत पोचू देत नाही.

मग लोक अशी घरं पाडतात का? त्यांना नावं ठेवणं सोपं आहे, विशेषतः वर्षातून दोन आठवडे तिथे राहणाऱ्या आपल्यासारख्यांना. दर वर्षी पावसाआधी छप्पर शाकारावं लागतं, म्हणजे फुटकी कौलं काढून नवी बसवावी लागतात. माकडं कौलांवर उड्या मारतात. लाकडाला वाळवी लागते. घरात फक्त आजी-आजोबाच असतील, तर वर चढणार कोण?

शिवाय जुनं घर कायम तसंच होतं, असंही नाही. ती चपटी मंगलोरी कौलं कारखान्यात बनतात. मंगळूरमध्ये बासेल मिशनने त्यांचा कारखाना १८६५ मध्ये सुरू केला. त्याआधी कुंभाराने केलेली अर्धगोल, नळीची कौलं असायची. मंगलोरी कौलं एकमेकांत अडकतात, सहज सरकत नाहीत. वस्तू नवी होती, पण पावसात टिकली, म्हणून कोकणाने ती घेतली.

मुंबईही याच किनाऱ्यावर आहे. तिथे १९८३ मध्ये कांचनजंगा ही २८ मजली इमारत पूर्ण झाली. आर्किटेक्ट होते चार्ल्स कोरिया. त्यांच्यापुढे पेच असा होता: समुद्राचा वारा पश्चिमेकडून येतो, पण दुपारचं कडक ऊन आणि पावसाची झडही तिकडूनच येते. खिडक्या मोठ्या ठेवल्या तर पाऊस आत, बंद केल्या तर वारा गेला. जुन्या बंगल्यांना यासाठी भोवती व्हरांडा असायचा. कोरियांनी तीच युक्ती उंचावर नेली. त्यांनी घरांच्या कोपऱ्यांत दोन मजले उंच, झाडं लावता येतील अशा गच्च्या ठेवल्या. इमारत काँक्रीटची, पण गच्ची काम करते पडवीचं! (ही घरं फार महाग आहेत, ते सोडा.)

गावच्या घरासाठी एवढा मोठा आर्किटेक्ट लागत नाही. आता काही जण चिऱ्याच्या भिंती ठेवतात, लाकडी वाशांऐवजी लोखंडी सांगाडा करतात आणि वर कौलं घालतात. निदान छपराची वाळवी तरी टळते. तुमच्या घरी फोनवर “गावचं घर पाडून स्लॅब टाकू या” अशी चर्चा चालू असेल, तर काकांना दोन प्रश्न विचारा. छपरावरचं पाणी कुठून उतरणार? आणि पडवी किती रुंद ठेवणार?