टर्बोतली हवा जाते कुठे?

सांगली-मिरज रस्त्यावर कसलीही कुरकुर न करणारी टर्बो पेट्रोल गाडी वाईहून पसरणी घाट चढू लागली की दमते. पाय पूर्ण दाबला तरी पिकअप नाही, आणि पाचगणी येण्याआधीच इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. गॅरेजमध्ये तपासणीचे यंत्र जोडले की संकेतांक मिळतो, पी-०२९९. त्याचा अर्थ, टर्बोने दिलेला दाब अपेक्षेपेक्षा कमी आहे. येथे पुष्कळदा टर्बोच बदलण्याची भाषा सुरू होते, आणि तो खर्च सामान्य माणसाला झेपणारा नसतो. पण संकेतांकाने फक्त दाब कमी असल्याचे सांगितले. हवा कुठे गेली, हे त्याने सांगितलेले नाही. ती अनेकदा जाते एका लहानशा झडपेतून. मिस्त्री लोक तिला ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह म्हणतात.

स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युची यांनी १९०५ मध्ये टर्बोच्या कल्पनेचे पेटंट घेतले. इंजिनाबाहेर वाया जाणाऱ्या गरम वायूने एक चक्र फिरवायचे, त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची. लहान गाड्यांत हा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो. पूर्वी आपल्याकडे टर्बो म्हटले की डिझेल गाडी डोळ्यांपुढे येई; नेक्सन (२०१७) आणि व्हेन्यू (२०१९) यांसारख्या गाड्यांनी तो पेट्रोलमध्येही घरोघरी आणला.

दोष घाटातच का दिसतो? सांगली समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच आहे. तेथे हवेचा दाब ९५ किलोपास्कलच्या आसपास असतो. महाबळेश्वर सुमारे १३५० मीटरवर, दाब ८६ च्या आसपास. म्हणजे प्रत्येक घोटात सुमारे नऊ टक्के हवा कमी. ही तूट भरून काढायला टर्बोला अधिक फिरावे लागते, आणि चढणीमुळे इंजिनाची मागणीही वाढलेली असते. सपाटीवर इंजिन टर्बोकडे फारसे काही मागतच नाही; मग गळती कळणार कशी?

आता झडपेचे काम पाहू. घाटातल्या वळणावर चालक पाय उचलतो. इंजिनाच्या तोंडाशी असलेली थ्रॉटलची चकती क्षणात मिटते. टर्बो मात्र तसाच गरगरत असतो. दाबलेली हवा मिटलेल्या चकतीवर आदळते, तुंबते आणि उलटी टर्बोच्या पात्यांवर येते. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा योजनांच्या भागातल्या मुलांना हे समजावणे सोपे आहे. वीज गेली, पंप थांबला की नळातला पाण्याचा लांबलचक स्तंभ मागे फिरतो आणि पाइपलाइन दणका देते, हे त्यांनी ऐकलेले असते. हवा दाबली जाते, पाणी जवळजवळ दाबले जात नाही, म्हणून दोन्ही घटना तंतोतंत सारख्या नाहीत. पण वाहत्या गोष्टीला अचानक अडवले की काय होते ते कळते. ब्लो-ऑफ झडप अशा वेळी उघडून तुंबलेल्या हवेला वाट देते. बहुतेक गाड्यांत ती हवा टर्बोच्या तोंडाशी परत जाते. काही हौशी लोक ती बाहेर सोडतात, त्याचाच तो 'शूं' आवाज. (जुन्या पद्धतीच्या डिझेल इंजिनात थ्रॉटलची चकतीच नसते. त्याला ही झडप बसवणे म्हणजे आवाज विकत घेणे.)

झडपेला केव्हा उघडायचे हे कळते कसे? तिच्या आत रबरी पडदा आणि वर स्प्रिंग असते. पडद्यावरचा कप्पा एका बारीक नळीने थ्रॉटलच्या पुढच्या, म्हणजे इंजिनाकडच्या, भागाला जोडलेला असतो. थ्रॉटल उघडे असताना पडद्याच्या वर-खाली जवळपास सारखाच दाब, म्हणून स्प्रिंग झडप मिटून ठेवते. थ्रॉटल मिटले की इंजिन वरच्या कप्प्यातली हवा ओढते, खालून टर्बोचा दाब रेटतो, झडप उघडते. आता ती बारीक नळी चिरली तर? वरचा दाब निसटतो, खालचा राहतो, आणि झडप नको तेव्हा उघडते. झडप निर्दोष असूनही. म्हणून तपासणीची सुरुवात नळीपासून आणि तिच्या क्लिपांपासून करावी. उष्णतेने रबर कडक होऊन तडकते. इंजिन नुसते चालू असताना बारीक सुसकारा ऐकू येणे, आरपीएम वर-खाली होणे, या त्याच्या खुणा.

धूरही बोलतो, पण त्याची भाषा समजली पाहिजे. समजा गाडीत येणारी हवा टर्बोच्या आधीच मोजली जाते. १०० ग्रॅम हवा मोजली, तर १४.७ : १ या प्रमाणाने संगणक ६.८ ग्रॅम पेट्रोल देईल. वाटेत १० ग्रॅम हवा बाहेर गेली, तर ९० ग्रॅमला ६.८ ग्रॅम, म्हणजे सुमारे १३.२ : १. मोठ्या गळतीत काळा धूर दिसतो. पण गळणारी हवा टर्बोच्या तोंडाशी परतत असेल, तर ती पुन्हा मोजली जात नाही आणि मिश्रण बिघडत नाही. तीच हवा गोल फिरून तापते, टर्बो विनाकारण राबतो. दाब मोजणारा सेन्सर थ्रॉटलच्या पुढे असलेल्या गाड्यांतही धूर दिसेलच असे नाही. तेव्हा धूर नाही म्हणून झडप ठीक, हा निष्कर्ष चुकीचा.

पडदा फाटला आहे का, हे वर्गातही दाखवता येईल. गॅरेजमधून जुनी झडप आणावी. तिच्या नळीला ५० मिलीची सिरिंज घट्ट जोडून दट्ट्या ओढावा आणि दहा-पंधरा सेकंद धरून सोडावा. मुलांना आधी विचारा: पडदा चांगला असेल तर दट्ट्या कुठे राहील? चांगल्या झडपेत तो झटकन मागे जातो, कारण आत कमी दाब टिकून आहे. फाटक्या पडद्यातून हवा आत शिरते, आणि दट्ट्या ओढला तिथेच थांबतो. नव्या गाड्यांत झडप पुष्कळदा विजेवर उघडते. तेथे हा प्रयोग लागू नाही.

शेवटची चाचणी गॅरेजमधली. इंजिन बंद ठेवून टर्बोकडच्या पाइपात रेग्युलेटरने मोजकी हवा भरायची आणि पंक्चरवाल्यासारखे साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहायचे. यात एक फसगत आहे. थ्रॉटल मिटलेले असल्याने झडपेच्या वरच्या कप्प्यापर्यंत दाब नीट पोचत नाही. अनेक रचनांत त्यामुळे चांगली झडपही खालच्या दाबाने उघडते आणि गळकी ठरते. उपाय सोपा आहे: टी-जोडाने वरच्या कप्प्यालाही तोच दाब द्यावा. मग जी गळेल, तीच खरी गळकी. अशी झडप उघडून तिची बैठक पाहावी. कधी पडदा, कधी ओ-रिंग, आणि कधी नुसता बैठकीवर अडकलेला कचरा निघतो. तो पुसला की गाडी पुन्हा पसरणी घाट चढते.