पडद्याचे माप

बारामतीहून इंदापूरकडे निघालेला रस्ता, १८८५ साली वाहता झालेल्या नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेल्या उसामधून, ट्रॅक्टरच्या लांबलचक जोडट्रॉल्यांना वाट देत, भवानीनगर आणि लासुर्णे ही गावे मागे टाकीत जातो. याच रस्त्यावर, फाल्गुनाच्या अखेरीस एका दुपारी, माझी १९८४ सालची पद्मिनी मोटार तीन-चार हिसके देऊन जी उभी राहिली, ती इंजिन निवेपर्यंत अर्धा तास जागची हलेना. पुढे हाच प्रकार आठवड्यातून दोनदा होऊ लागला, आणि जुन्या गाडीच्या मालकाला केव्हा ना केव्हा करावा लागणारा सुट्या भागांचा शोध माझ्याही कपाळी आला.

ही गाडी वडिलांनी वालचंदनगरच्या नोकरीत असताना घेतली होती, आणि त्यात एक औचित्य होते. ज्या शेठ वालचंद हिराचंदांनी इंदापूर तालुक्यातील कळंबच्या माळावर साखर कारखाना व त्याभोवती वसाहत उभी केली, त्यांनीच १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली. त्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० तयार होऊ लागली आणि सत्तरीच्या दशकात तिला पद्मिनी हे नाव मिळाले. आता त्या गाडीचे उत्पादन थांबून पाव शतक लोटले. मुंबईच्या रस्त्यावरील शेवटची पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली.

बारामतीच्या भिगवण रस्त्यानजीक ज्या मिस्त्रींकडे मी गाडी नेली, त्यांची पद्धत एखाद्या जुन्या अव्वल कारकुनाने दप्तर तपासावे तशी सावकाश आणि क्रमवार होती. मी पोचताच, ‘कार्ब्युरेटर बदलायचा का?’ असे विचारले, तेव्हा त्यांनी काही न बोलता कार्ब्युरेटरला येणारी नळी सोडवली, तिचे तोंड काचेच्या बाटलीत धरले आणि मला स्टार्टर मारायला सांगितले. बाटलीत एकसारखी पिचकारी पडावयास हवी होती. पडली ती उचकी लागल्यासारखी, मध्येच हवेचे बुडबुडे घेऊन.

‘गुरुजी, कार्ब्युरेटर बिचारा उपाशी हाय. पंप पेट्रोल चढवंना.’

या गाडीचा पंप विजेचा नव्हे. इंजिनातील कॅमशाफ्टचा उंचवटा पंपाच्या दांडीला ढकलतो, दांडी रबराचा गोल पडदा खाली ओढते, त्या पोकळीत टाकीतले पेट्रोल येते आणि खालची स्प्रिंग पडदा वर सारून ते पेट्रोल पुढे पाठवते. मिस्त्रींच्या भाषेत त्या पडद्याला ‘डायफ्राम’ म्हणतात. त्यांनी तो काढून दिव्यासमोर धरला, तेव्हा त्याची कड पापडासारखी वळलेली आणि मधला भाग लाकडासारखा कडक झालेला दिसला.

पुढचे काम मला सोपे वाटले, आणि तेथेच माझी चूक झाली. एका दुकानातून मी ‘फियाटचा पंप’ असे नाव सांगून पूर्ण पंपच आणला. नाव बरोबर होते, बोल्टही बसले. परंतु दांडीचा बाक निराळा असल्याने ती उंचवट्यावर पुरती टेकेना. मिस्त्रींनी पंप आणि इंजिन यांच्यामधली काळी बेकेलाइटची चकती काढून माझ्या हातावर ठेवली आणि सांगितले की, ही जाड झाली तर दांडीची चाल कमी होऊन पेट्रोल अपुरे येते, आणि पातळ झाली तर चाल वाढून पडद्यावर ताण बसतो. तेव्हा भाग मागायचा तो गाडीच्या नावाने नव्हे, तर जुना नमुना हाती ठेवून, चकती, पॅकिंग, दांडी या सर्वांच्या मापांची रुजुवात करून.

कार्ब्युरेटरच्या जेटचेही तसेच. सोलेक्स जातीचे कार्ब्युरेटर त्या काळी अँबॅसिडरला आणि जीपलाही बसत. बाहेरून पाहता ते सख्खे भाऊ, पण पोटातले जेट निराळे. पितळी जेटच्या डोक्यावर कोरलेला १२० हा आकडा १.२० मिलिमीटर छिद्राची ग्वाही देतो खरा. मात्र मधल्या काळात कोणी कचरा काढण्यासाठी त्यातून तार फिरवली असेल, तर छिद्र मोठे होते आणि आकडा तेवढा साळसूदपणे जुनीच साक्ष देत राहतो.

अखेर पुण्याच्या नाना पेठेत, सुट्या भागांच्या दाटीत, जुन्या वेष्टनातले, कधी न वापरलेले दोन अस्सल पडदे सापडले. एखाद्या संशोधकास ताम्रपट गवसावा तसा मी हर्षित होऊन परतलो. त्यातला एक हुबेहूब बसला, आणि गाडी पाच-सहा आठवडे निर्वेध चालली. नंतर पुन्हा लासुर्ण्याजवळच तिने हिसके दिले.

या वेळी मिस्त्रींनी जे केले, ते मी विसरणार नाही. त्याच वेष्टनातला उरलेला दुसरा पडदा त्यांनी कागदावर ठेवला, टोकदार पेन्सिलीने त्याची कड आणि सगळी भोके गिरवली, मग तो पेट्रोल पंपावरून आणलेल्या ताज्या पेट्रोलमध्ये बुडवून बाटलीला बूच मारले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो, तेव्हा बाटलीतून काढलेला पडदा त्यांनी माझ्यासमोर त्याच कागदावर ठेवला. कड सर्व बाजूंनी रेषेबाहेर गेली होती. एक भोक रेषेशी जुळवावे, तर समोरचे सरकत होते.

‘माल अस्सल हाय, गुरुजी. पण पेट्रोल तवाचं न्हाई.’

आपल्या पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण जून २०२२ मध्ये दहा टक्क्यांवर पोचले आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर गेले. इथेनॉल जुन्या जातीच्या रबरात शिरून ते फुगवते, हवेतील ओल धरते आणि ती ओल कार्ब्युरेटरच्या जस्तमिश्रित धातूला हळूहळू खाते. शिवाय एक भार पेट्रोल जळण्यास सुमारे साडेचौदा भार हवा लागते, तर इथेनॉलला नऊच; त्यामुळे गाडीच्या पुस्तकात सांगितलेला जेट बसवला तरी आजच्या मिश्रणात इंधन किंचित कमी पडते. यातले काही इथेनॉल येते कोठून? तर ज्या ट्रॉल्यांना मी त्या रस्त्यावर वाट देत होतो, त्यांच्यातील उसाच्या मळीपासून आणि रसापासूनही. साखर कारखाना आणि मोटार कंपनी या दोन्हींचा पाया घालणाऱ्या एकाच माणसाच्या कर्मभूमीत, उसानेच त्या मोटारीचा घास अडवावा, यावर वडील मनमुराद हसले असते.

म्हणजे मी इतके दिवस शोधत होतो तो मूळ भाग. हवा होता तो योग्य भाग. हे दोन शब्द एकाच अर्थाचे नाहीत, हे पद्मिनीच्या सुट्या भागांच्या पुस्तकात लिहिलेले असणे शक्य नव्हते, कारण ते पुस्तक निराळ्या पेट्रोलसाठी लिहिलेले होते.

तिसरा पडदा आला तो इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा. त्याच्या वेष्टनावर तसे छापलेले असूनही मिस्त्रींनी खातरजमा केल्यावाचून तो बसवला नाही. पुन्हा तोच कागद, पुन्हा पेन्सिल, पुन्हा रात्रभर बाटली. सकाळी कड रेषेवरच होती आणि सगळी भोके जागच्या जागी. मग त्यांनी रबरी नळ्या आणि सुई-व्हॉल्व्हचा वायसर यांचीही तीच परीक्षा घेतली; एक नळी नापास झाली, ती टोपलीत गेली.

दोन वर्तुळांचा तो कागद आता गाडीच्या खणात आरसी पुस्तकाबरोबर असतो. पेट्रोल पंपावर इथेनॉलच्या प्रमाणाची पाटी बदललेली दिसली, की तो घेऊन यायचे, असे मिस्त्रींनी बजावून ठेवले आहे. तिसऱ्या वर्तुळापुरती जागा त्यांनी कागदावर मुद्दाम सोडली आहे.