नगरपाल डॉ. भाऊ दाजी लाड आणि कवटीचे तेल

नगरपरिषदेची निवडणूक जवळ आली की जव्हारमध्ये वैद्याच्या दवाखान्यातही उमेदवारीची चर्चा सुरू होते. “डॉक्टर, तुम्हीच उभे राहा,” असे म्हणणारा एखादा रुग्ण हमखास भेटतो. रुग्णाने टाकलेला विश्वास घेऊन वैद्याने सार्वजनिक कार्यात उतरावे काय, हा प्रश्न जुनाच आहे. एकोणिसाव्या शतकातील मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्याचे उत्तर कृतीने दिले.

त्यांचे मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. जन्म गोव्यातील मांद्रे येथला. 1845 साली सुरू झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीचे ते विद्यार्थी. बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासह त्यांनी गोरगरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालविला. 1852 मध्ये बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली, तेव्हा भाऊ तिचे एक चिटणीस झाले. कंपनीच्या सनदेचे नूतनीकरण तोंडावर आले असता, राज्यकारभारातील दोष दाखविणारा अर्ज या संस्थेने ब्रिटिश पार्लमेंटकडे पाठविला. पुढे 1862 च्या गाजलेल्या महाराज अब्रूनुकसानी खटल्यात त्यांनी डॉक्टर या नात्याने गुप्तरोगांविषयी साक्ष दिली. दवाखान्यात कळलेली गोष्ट न्यायासनासमोर सांगणे किती अवघड, हे आपणा व्यावसायिकांस निराळे सांगावयास नको.

1865 च्या शेअर बाजाराच्या कोसळण्यात त्यांची संपत्ती बुडाली. तरीही 1869 व 1871 अशी दोन वर्षे ते मुंबईचे नगरपाल, म्हणजे शेरीफ, होते. हे पद निवडणुकीचे नव्हे. सरकार एका वर्षासाठी नेमणूक करी. (मुंबई पालिकेत ‘महापौर’ ही संज्ञा 1931 साली आली.) परंतु नागरिकांनी मागणी केली असता त्यांची जाहीर सभा बोलाविणे, हे शेरीफचे एक महत्त्वाचे काम असे. पैसा गेल्यावरही मान राहिला, तो रुग्णसेवेमुळे, असे मला वाटते.

आता आपल्या शास्त्राशी निगडित भाग. पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्या या गृहस्थाने संस्कृत ग्रंथ व देशी वनस्पती अभ्यासून कुष्ठरोगावर औषध योजिले. ते कवटीचे, म्हणजे कडू कवठाच्या बियांचे तेल. सुश्रुताने चिकित्सास्थानाच्या तेराव्या अध्यायात वर्णिलेला, पश्चिम समुद्रकिनारी वाढणारा तुवरक तो हाच, असे मानले जाते. परंतु पूर्ण खात्री होईपर्यंत औषधाचे नाव जाहीर करावयाचे नाही, या भूमिकेमुळे भाऊंवर टीका झाली. 31 मे 1874 रोजी ते निवर्तले. अनुभव ग्रंथबद्ध झाले नाहीत. याच कुळातील तेले विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जगभर कुष्ठरोगावर वापरली गेली. सल्फोन औषधे आल्यावर ती मागे पडली, आणि आज बहुविध औषधोपचार हाच मार्ग आहे. संशयित रुग्ण आपण विनाविलंब प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावा; पालघर जिल्ह्यात नवे रुग्ण अजूनही आढळतात.

सभा, अर्ज, साक्ष हे सर्व उघडपणे करणाऱ्या माणसाने औषध मात्र झाकून ठेवावे, ही विसंगती मला फार खटकते. त्यांना दोष देताना जीभ अडखळते, हेही खरे. मोखाड्याकडील एका वृद्ध वैदूबाबांना मी एकदा मुळीचे नाव विचारले. “नाव सांगितलं की गुण जातो,” एवढेच ते म्हणाले. पुढे ते वारले. मुळीची ओळखही त्यांच्याबरोबर गेली. त्या सुमारास माझ्या दवाखान्यातील पुड्यांवर ‘विशेष योग’ एवढेच छापलेले असे. आमच्या फार्मसीवाल्या मित्राचा सल्लाही तसाच होता : घटक छापले की शेजारचा दुकानदार उद्या तेच विकील.

भायखळ्याच्या ज्या वस्तुसंग्रहालयासाठी भाऊंनी खटपट केली, त्याला 1975 पासून त्यांचेच नाव आहे. तेथून परतल्यावर मी नवीन पुड्या छापून घेतल्या. त्यांवर प्रत्येक द्रव्याचे नाव व प्रमाण आहे. शेजारच्या दुकानदाराने अद्याप काही विकलेले नाही.