दोन अक्षरांसाठी दोनदा मुंबई

कौंडण्यपूरला लांबच्या प्रवासाचं नवल नाही. वर्धा नदीकाठचं हे आमचं गाव रुक्मिणीमातेचं माहेर म्हणून ओळखलं जातं, आणि इथली पालखी दरवर्षी आषाढीला पायी पंढरपूर गाठते. आमचे आजेसासरे हजला गेले ते बडनेऱ्याहून रेल्वेने मुंबईला. तिथे साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात मुक्काम आणि पुढे 'अकबर' जहाजाने जेद्दा. ते सगळं सांगताना त्यांचा चेहरा खुलायचा. यंदा आम्हीही त्याच वाटेने मुंबईला गेलो, तेही दोनदा. पण आमची सफर होती फक्त कागदांसाठी.

घरातले 'हे' सात वर्षांपासून रियाधला नोकरीला आहेत. लेक चार वर्षांची झाली. तिच्यासाठी अब्बू म्हणजे मोबाइलमधला चेहरा. यंदा कंपनीने फॅमिली व्हिसाला होकार दिला आणि यांना पंचेचाळीस दिवसांची सुट्टी मिळाली. त्यात निकाहच्या नोंदणीचा दाखला आणि लेकीचा जन्मदाखला, दोन्हींवर सरकारी शिक्के घेऊन अर्ज करायचा होता. काम आठवड्याचं, असं आम्ही धरून चाललो होतो.

कुऱ्ह्यावरून एसटीने अमरावती गाठली आणि संध्याकाळी मुंबईची गाडी पकडली. अमरावतीहून मुंबई सुमारे पावणेसातशे किलोमीटर. अकोला, शेगाव, भुसावळ मागे पडलं, कसारा घाट झोपेतच उतरलो आणि सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोचलो. लेक पहिल्यांदाच मुंबई पाहत होती. दुपारी एकपर्यंत सगळा उत्साह मावळला. खिडकीतल्या माणसाने निकाहचा दाखला आणि पासपोर्ट शेजारी ठेवून विचारलं, "हे दोघं एकच आहेत का?"

दाखल्यावर यांच्या नावाआधी इंग्रजीत 'एस के' ही दोन अक्षरं होती. पासपोर्टवर पूर्ण 'शेख' होतं.

वऱ्हाडातल्या वाचकांच्या हे लगेच लक्षात येईल. आपल्याकडे नाव लिहिण्याची रीत वेगळी आहे. मुलगा रहीम आणि वडील करीम असतील, तर कागदावर 'शेख रहीम शेख करीम' येतं. सय्यद, अब्दुल, मोहम्मद यांचंही तसंच. मग शाळेच्या दाखल्यावर जागा वाचवायला 'शे. रहीम शे. करीम', इंग्रजीत 'एस के', आधारवर आणखी काही. पासपोर्टच्या अर्जात मात्र दोनच रकाने, नाव आणि आडनाव. त्यात जो जसं बसवेल तसं बसतं. गावात सगळे ओळखतात म्हणून चालून जातं. परदेशातल्या कचेरीला आपण कोण हे फक्त अक्षरांवरून कळतं.

चूक कुणाची म्हणावी? नोंदणीचा अर्ज आम्हीच भरला होता, आम्हीच सही केली होती. निकाहच्या धामधुमीत कोण बसून स्पेलिंग तपासतो? परतीच्या गाडीत आम्ही एकमेकांशी फारसं बोललो नाही. सुट्टीचे एकोणीस दिवस संपले होते.

गावी आल्यावर खरी धावपळ सुरू झाली. महाराष्ट्रात विवाहनोंदणी 1998च्या कायद्याखाली होते आणि खेड्यात ग्रामसेवकच विवाह निबंधक असतो. नोंदणीच्या अर्जावर नवरा-नवरी, तीन साक्षीदार आणि निकाह लावणारे काझी साहेब, सगळ्यांच्या सह्या लागतात. दुरुस्तीसाठी अर्ज, प्रतिज्ञापत्र, पासपोर्टची नक्कल आणि निकाहनामा जोडला. काझी साहेबांनी जुनं रजिस्टर काढून दिलं. त्यात मात्र नाव पूर्ण आणि सुवाच्य अक्षरात होतं. ते पाहून आमच्या सासूबाई एवढंच म्हणाल्या, "त्यांनी लिहिलं ते तुम्ही नीट उतरवलं असतं तर?" आम्हाला उत्तर सुचलं नाही.

नवा दाखला हाती आला तेव्हा सुट्टीचे बारा दिवस उरले होते. पुन्हा तीच गाडी, पुन्हा तीच रात्र.

या वेळी समोरच्या बर्थवर मूर्तिजापूरचा एक तरुण होता. कुवेतला ड्रायव्हरची नोकरी लागली म्हणत होता. दहावी नापास, म्हणून पासपोर्टवर 'ईसीआर'चा शेरा. 1983च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे अशा माणसाला आखातातल्या देशांसह अठरा देशांत नोकरीसाठी जाण्याआधी सरकारची मंजुरी घ्यावी लागते. एजंटाने त्याला सांगितलं होतं, "व्हिजिट व्हिसावर जा, तिथे बघू." यांनी त्याला निम्मी रात्र जागून समजावलं. व्हिजिट व्हिसावर काम करणं तिथे गुन्हा ठरतो आणि मालकाने पगार बुडवला तर दाद मागायला हातात काहीच नसतं. एजंट परवानाधारक आहे की नाही, हे सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येतं. परवानाधारक एजंटालाही तीस हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी याहून जास्त घेता येत नाही. रीतसर मंजुरीने जाणाऱ्याला दहा लाखांचा प्रवासी भारतीय विमा मिळतो. त्या मुलाने एजंटाला किती दिले होते, ते त्याने सांगितलं नाही. नाशिकरोडला तो म्हणाला, "भाईजान, आधी घरी फोन करतो."

मुंबईत या वेळी काम झालं. आधी राज्य शासनाचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल. सौदी अरेबियात अपोस्टिलचा आंतरराष्ट्रीय करार 7 डिसेंबर 2022 पासून लागू आहे, त्यामुळे या शिक्क्यानंतर सौदी वकिलातीच्या वेगळ्या शिक्क्याची गरज राहत नाही. ओमान आणि बहरीनही या करारात आहेत. अमिराती, कुवेत आणि कतार नाहीत, तिथल्यासाठी वकिलातीची पायरी चुकत नाही. अपोस्टिलची सरकारी फी एका कागदाला पन्नास रुपये आहे. वर नेमलेल्या संस्थेचा सेवाखर्च असतो. हजारो रुपये मागणाऱ्याला ते कशाचे, हे जरूर विचारावं.

सुट्टी संपली आणि हे एकटेच परत गेले. विमानतळावर लेकीने त्यांचा हात सोडला नाही. तीन आठवड्यांनी आमचा व्हिसा आला, अलहमदुलिल्लाह. ते तीन आठवडे आम्ही तिघांनी एकत्र काढले असते, ही हळहळ मात्र राहिली.

म्हणून वाचकांना एक विनंती. घरातलं कुणी परदेशात असो वा नसो, या जुम्म्याला ट्रंक उघडा. पासपोर्ट किंवा आधार, शाळेचा दाखला, निकाहची नोंद आणि मुलांचे जन्मदाखले एका चटईवर मांडा. प्रत्येकाचं, वडिलांचं आणि आईचं नाव अक्षरन् अक्षर जुळवून पाहा. 'शे.', 'अ.', 'मो.' असं कुठे दिसलं तर गाडी पकडायची वेळ येण्याआधीच दुरुस्तीचा अर्ज द्या. घरात नवं मूल आलं असेल तर त्याचं नाव पहिल्या दाखल्यापासूनच पूर्ण लिहा, आणि तेच स्पेलिंग एका कागदावर उतरवून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा.

आमच्या कपाटाला तो कागद आता लागला आहे. रियाधला जाताना तो काढून सोबत न्यायचा, असं लेकीने बजावलं आहे. त्यावर तिचं नाव आहे ना!