ट्रेडिंगसाठी मॉनिटर: किती इंच आणि किती रिझोल्युशन?

(या भागाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)

ट्रेडिंग सुरू करायचं म्हटलं की हा प्रश्न येतोच: मॉनिटर कोणता घेऊ? भिंतभर सहा स्क्रीन लावलेले फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. पण आज आपण फोटो बाजूला ठेवू आणि थोडा हिशोब करू.

इंच वेगळे, पिक्सेल वेगळे

इंच म्हणजे स्क्रीनचं कर्णाचं माप. रिझोल्युशन म्हणजे त्यावर ठिपके किती. फुल एचडी म्हणजे १९२० बाय १०८०, साधारण २१ लाख पिक्सेल. क्यूएचडी म्हणजे २५६० बाय १४४०, साधारण ३७ लाख. फोर-के म्हणजे ३८४० बाय २१६०, जवळपास ८३ लाख. फुल एचडीच्या बरोब्बर चौपट.

आता नीट ऐका. २४ इंची फुल एचडी बदलून २७ इंची फुल एचडी आणला, तर चार्टवर एकही कॅन्डल जास्त मावत नाही. तेच चित्र फक्त मोठं दिसतं. उलट एका इंचातले ठिपके ९२ वरून ८२ वर येतात, म्हणजे अक्षरं जरा फाटल्यासारखी वाटतात. जागा पिक्सेल देतात, इंच देत नाहीत.

कॅन्डलचा हिशोब

आपला शेअर बाजार सव्वानऊ ते साडेतीन, म्हणजे ३७५ मिनिटं. एक मिनिटाच्या चार्टवर पूर्ण दिवस पाहायचा तर ३७५ कॅन्डल. प्रत्येक कॅन्डल फटीसकट नीट दिसायला किमान पाच पिक्सेल धरा.

फुल एचडीवर वॉचलिस्ट आणि किमतीची पट्टी मिळून ४८० पिक्सेल गेले, तर उरतात १४४०. एका कॅन्डलच्या वाट्याला चारसुद्धा येत नाहीत. क्यूएचडीवर उरतात २०८०, म्हणजे साडेपाच पिक्सेल. काम झालं!

पण तुम्ही पाच मिनिटांचा चार्ट बघता का? मग दिवसाच्या कॅन्डल फक्त ७५. फुल एचडीवरही प्रत्येकीला १९ पिक्सेल मिळतात. आणि तुम्ही दिवसाच्या किंवा आठवड्याच्या चार्टवर काम करत असाल, तर मॉनिटरवर जास्त खर्च करायचं कारणच नाही.

फोर-केची गंमत

२७ इंची फोर-के घेतला तर एका इंचात १६३ ठिपके बसतात. अक्षरं इतकी बारीक होतात की विंडोजमध्ये स्केलिंग १५० टक्के करावं लागतं. तसं केलं की जागा पुन्हा क्यूएचडीइतकीच उरते. अक्षरं जास्त रेखीव दिसतात हे खरं, पण जास्त विंडो मावत नाहीत. फोर-केची सगळी जागा वापरायची तर ४३ इंचाच्या आसपासचा स्क्रीन हवा. त्याची रुंदी साधारण ९५ सेंटिमीटर, म्हणजे टेबलही तेवढं खोल हवं. नाहीतर दिवसभर मान डावी-उजवी.

अक्षराचा आकार ही काही चैन नाही बरं का. निफ्टीच्या ऑप्शन चेनमध्ये २४,५०० आणि २४,५५० या शेजारशेजारच्या ओळी. घाईत एक ओळ चुकली की ऑर्डर भलत्याच स्ट्राइकला जाते.

मग घ्यायचं काय?

बहुतेकांसाठी २७ इंची क्यूएचडी हा चांगला मध्य आहे. दुसरा पर्याय, २४ इंची फुल एचडीचे दोन. दोन्ही मिळून ४१ लाख पिक्सेल होतात. एकावर चार्ट, दुसऱ्यावर ऑर्डर आणि पोझिशन. शिवाय एक बंद पडला तर दुसरा चालू राहतो. उघड्या पोझिशनमध्ये याची किंमत कळते.

घेण्याआधी तीन गोष्टी तपासा. तुमच्या कॉम्प्युटरचं पोर्ट: जुन्या एचडीएमआय १.४ वर फोर-के फक्त ३० हर्ट्झने चालतो आणि माउस रेंगाळल्यासारखा वाटतो. यूपीएस: लाइट गेल्यावर सीपीयू चालू आणि स्क्रीन काळा, असं नको, मॉनिटरही त्यावरच जोडा. आणि रिफ्रेश रेट: चार्टसाठी ६० हर्ट्झ पुरेसा आहे, गेमिंगवाल्या मॉनिटरचे जादा पैसे देऊ नका.

शेवटचं, पण महत्त्वाचं

सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये आकडे दिले: आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समधल्या ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर्सना तोटा झाला. मॉनिटर हा आकडा बदलत नाही. तो फक्त तुम्ही जे बघताय ते स्पष्ट दाखवतो. नवीन शिकणाऱ्याने भांडवलातून पैसे काढून स्क्रीन घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी दोन आठवडे आहे त्याच स्क्रीनवर काम करा. दिवसातून किती वेळा विंडो बदलावी लागली, ते वहीत टिपा. दहा-बारा वेळा असेल तर राहू द्या. दर मिनिटाला होत असेल, तर दुकानात जा.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत स्टॉपलॉस लावत राहा!